विंडोजशेजारी लिनक्स : निवड, पूर्वतयारी आणि मांडणी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार काढून घेतला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. आजही ते संगणक पूर्वीसारखेच सुरू होतात. थांबली ती नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षा-त्रुटी बुजवणारी अद्यतने. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. विंडोज ११ वर जाण्याचा मार्ग सर्वांना मोकळा नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आलेला किंवा त्यानंतरचा असावा लागतो. परिणामी कळफलक, पडदा, बॅटरी सारे शाबूत असलेले २०१४-१५ सालचे असंख्य लॅपटॉप केवळ वयामुळे अपात्र ठरले आहेत.

अशा यंत्रासाठी लिनक्स हा विनामूल्य आणि कायदेशीर पर्याय आहे. तो स्वीकारताना विंडोज पुसून टाकण्याची गरज नसते. एकाच हार्ड डिस्कवर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी नांदू शकतात आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडता येते. या मांडणीला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. काम अवघड नाही. अर्ध्या दिवसात उरकते. तथापि ते ज्या डिस्कवर करायचे, तिच्यावरच बहुधा घरातील पंधरा-वीस वर्षांची छायाचित्रे, मुलांची प्रमाणपत्रे आणि जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. एका पडद्यावर एक चुकीचा पर्याय निवडला, तर हे सर्व काही मिनिटांत नाहीसे होऊ शकते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष मांडणीपेक्षा पूर्वतयारीला अधिक जागा दिली आहे.

विंडोज का ठेवावे?

लिनक्सचे काही उत्साही पुरस्कर्ते विंडोज सरसकट काढून टाकण्याचा सल्ला देतात. मराठी वापरकर्त्याने तो सहसा मानू नये. टॅली ही हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठी आहे. छपाईच्या व्यवसायातील पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांचीही तीच गत. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत साठवलेल्या मराठी फायली त्या टंकांवाचून उघडल्या, तर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. ज्या संस्थांची स्मरणिका, इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार या टंकांत आहेत, त्यांनी सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित होईपर्यंत विंडोजला हात लावू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनांबाबतही लिनक्सवर अडचणी येऊ शकतात.

छापयंत्राची चौकशी आधीच करावी. एचपीच्या बहुतेक छापयंत्रांना लिनक्स लगेच ओळखते. भारतातील दुकाना-कार्यालयांत जागोजागी दिसणारे कॅनन एलबीपी २९०० मात्र कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीवर चालते आणि लिनक्सवर त्याची जुळणी खटपटीची ठरते. ज्या घरात हेच यंत्र आहे, तिथे छपाईपुरते विंडोजमध्ये जाणे हा सरळ मार्ग होय.

याउलट बँकेचे व्यवहार, ई-मेल, वृत्तपत्रवाचन, चित्रफिती, ऑनलाइन वर्ग, पत्रे आणि तक्ते एवढाच वापर असेल, तर विंडोजकडे फिरकण्याचे प्रसंग हळूहळू कमी होत जातात. आंतरजालाशी जोडलेली कामे लिनक्समध्ये आणि न सुटणारी जुनी कामे विंडोजमध्ये, तीही शक्यतो आंतरजाल बंद ठेवून, अशी विभागणी आधार संपलेल्या विंडोज १० च्या बाबतीत सर्वांत शहाणपणाची आहे.

कोणते लिनक्स?

लिनक्स हे खरे तर प्रणालीच्या गाभ्याचे नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये तो गाभा लिहिला. त्याभोवती ग्नू प्रकल्पातील साधने, खिडक्या-पटल आणि उपयोजने रचून जो पूर्ण संच दिला जातो, त्याला ‘वितरण’ म्हणतात. अशी वितरणे शेकड्यांनी आहेत आणि नवागताचा उत्साह बहुतेकदा तिथेच मावळतो. प्रत्यक्षात त्याने तीन-चार नावांपलीकडे पाहण्याचे कारण नाही.

डेबियन हे १९९३ पासूनचे, स्वयंसेवकांनी चालवलेले वितरण. त्याच्या पायावर मार्क शटलवर्थ यांच्या कॅनोनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आणले, आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट उभे राहिले. आयर्लंडमध्ये तयार होणारे झोरिन हेही उबुंटूवरच बेतलेले आहे. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित बॉस लिनक्स प्रसृत केले. सरकारी कार्यालये आणि शाळा हे त्याचे मुख्य क्षेत्र राहिले. घरी पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्याला अडचणींची उत्तरे उबुंटू-मिंट परिवारात अधिक सहज सापडतात.

विंडोजची सवय झालेल्या हातांसाठी मिंटचे पारडे जड आहे. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातील सूची, उजवीकडील घड्याळ, खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील तीन बटणे, सारे ओळखीच्या जागी आहे. उबुंटूचे पटल देखणे आहे, पण त्याची रचना वेगळी, आणि पहिला आठवडा बटणे शोधण्यातच जातो. शिवाय उबुंटूमध्ये फायरफॉक्ससारखी उपयोजने ‘स्नॅप’ या बंदिस्त स्वरूपात येतात. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर ती पहिल्यांदा उघडताना वाट पाहायला लावतात. मिंटने २०२० पासून स्नॅप आपणहून बसवणे बंद केले आहे. झोरिनचे रूपही विंडोजशी मिळतेजुळते असते आणि त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे. सशुल्क आवृत्ती न घेताही भागते. फेडोरा उत्तम, पण त्याची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने टिकते. दर वर्षी प्रणाली बदलण्याची हौस नवागताने का करावी?

मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. ती तीन रूपांत मिळते. सिनॅमन हे मुख्य आणि सर्वांत सुबक, मॅटे त्याहून साधे, आणि एक्सएफसीई सर्वांत हलके. अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागेची असली, तरी सुखाने काम करण्यासाठी ४ जीबी रॅम लागते. ज्या यंत्रात नेमकी तेवढीच आहे, त्यावर एक्सएफसीई घ्यावे. ८ जीबी असेल तर खुशाल सिनॅमन. आजकाल रॅम खाणारी गोष्ट प्रणाली नसून ब्राउझर असतो. दहा-बारा पाने एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्यास कोणतेही वितरण वाचवू शकत नाही.

फार जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा. ३२-बिट प्रोसेसरसाठी मिंटची मुख्य मालिका २० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून उपलब्ध नाही. डेबियनवर आधारित मिंटची सहावी आवृत्ती ३२-बिटसाठी होती. सातवीत तीही सोय गेली. असा संगणक आता निवृत्त करणेच इष्ट.

वितरण बदलण्यापेक्षाही जुन्या लॅपटॉपला अधिक वेग देणारी गोष्ट म्हणजे एसएसडी. हार्ड डिस्कच्या जागी ती बसवली की यंत्र ओळखू येत नाही. ज्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हचा कप्पा आहे, त्यात ती काढून दुसरी डिस्क बसवण्याची चौकट मिळते. विंडोज एका डिस्कवर आणि लिनक्स दुसऱ्या डिस्कवर ही ड्युअल बूटची सर्वांत निर्धोक मांडणी. ती जमत असेल तर पुढील कापाकापीची गरजच उरत नाही.

पूर्वतयारी

पहिले काम बॅकअपचे. बाह्य हार्ड डिस्कवर सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे उतरवून घ्यावीत, त्यातील चार-दोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, आणि मगच ती डिस्क बाजूला काढून ठेवावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. त्याच डिस्कच्या ‘डी’ विभागात प्रत ठेवणे म्हणजेही बॅकअप नव्हे, कारण विभाग पुसले जातात तेव्हा ‘सी’ आणि ‘डी’ दोन्ही एकाच वेळी जातात.

दुसरे काम कुलूपबंदी तपासण्याचे. अनेक नव्या संगणकांत विंडोज डिस्कवरील मजकूर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या सोयीने आपोआप कुलूपबंद करते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूट होण्याच्या रीतीत बदल झाला की विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. ती नसेल तर स्वतःच्याच फायली कायमच्या दुरावतात. यावर कोणताही तंत्रज्ञ उपाय करू शकत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खात्यात शिरून ती कागदावर उतरवून घ्यावी आणि कागद संगणकापासून वेगळा ठेवावा. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कुलूपबंदी बंद करावी. डिस्क मोठी असल्यास ती पूर्ण उलगडायला काही तास लागतात; मध्येच यंत्र बंद करण्याची घाई करू नये.

तिसरे ‘फास्ट स्टार्टअप’. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ते अर्धवट झोपी जाते. अशा अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या विभागात काही लिहिले, तर फायली बिघडू शकतात, आणि म्हणूनच लिनक्स तो विभाग केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यास नकार देते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, ‘पॉवर बटणांनी काय करावे’ या पानावर ही खूण काढता येते. एक गमतीची बाब अशी, की ‘रिस्टार्ट’ केले असता विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते. म्हणजे नावावरून जे वाटते त्याच्या नेमके उलट.

चौथे, यंत्र कोणत्या पद्धतीने सुरू होते ते पाहणे. स्टार्टच्या शोधचौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधल्यास ‘बायोस मोड’ अशी ओळ दिसते. तिथे ‘यूईएफआय’ असेल तर पुढचे काम सुकर. ‘लेगसी’ असेल तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असते आणि तिच्यावर चारच मुख्य विभाग मावतात. काही लॅपटॉपांवर निर्मात्या कंपनीने ते चारही आधीच वापरलेले असतात. अशा वेळी पाचव्याला जागा करण्यासाठी एक विभाग रिकामा करून काढावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घेणे बरे.

शेवटी जागा मोकळी करणे. विंडोजचा विभाग आखूड करण्याचे काम विंडोजकडूनच करून घ्यावे. स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, ‘सी’ विभागावर उजवी क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडावे आणि किती जागा सोडायची तो आकडा मेगाबाइटमध्ये भरावा. ८० जीबी हवी असल्यास ८१९२०. नित्याच्या वापराला ६० ते १०० जीबी योग्य. डिस्कवर २०० जीबी रिकामी असूनही विंडोज फक्त १५-२० जीबी सोडायला तयार होते, असा अनुभव पुष्कळांना येतो. जागेवरून हलवता न येणाऱ्या काही फायली विभागाच्या मध्यावर ठाण मांडून बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून यंत्र पुन्हा सुरू केले की आकडा बहुधा वाढतो. सुटलेली जागा ‘अनअ‍ॅलोकेटेड’ म्हणून काळ्या पट्टीने दिसते. तिला नवे अक्षर देण्याचा किंवा फॉरमॅट करण्याचा मोह टाळावा. ती तशीच कोरी राहू द्यावी. यानंतर विंडोज एकदा पुन्हा सुरू करून ते सुरळीत चालते ना, हे पाहावे.

पेन ड्राइव्ह

मिंटची आयएसओ फाइल सुमारे ३ जीबीची असते. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि उतरल्यावर तिची ओळख पटवावी. हा सल्ला उगाच दिला जात नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी मिंटच्याच संकेतस्थळात शिरकाव करून १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला होता. त्या दिवशी तिथून फाइल घेणाऱ्यांच्या पदरात मागचा दरवाजा उघडा ठेवलेली प्रणाली पडली. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ नावाची एक खूणसंख्या असते. उतरवलेल्या फाइलची संख्या विंडोजच्या ‘सर्टयुटिल’ आज्ञेने काढून ती प्रकाशित संख्येशी ताडावी. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी फाइल टाकून द्यावी. वीज किंवा नेटवर्क गेल्यामुळे अर्धवट उतरलेली फाइलही याच परीक्षेत उघडी पडते. संकेतस्थळावर या संख्यांच्या यादीची डिजिटल स्वाक्षरीही असते. जमल्यास तीही पडताळावी, म्हणजे खुद्द यादीच बदललेली नाही याची खात्री पटते.

ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचर या विनामूल्य साधनाने ती ‘लिहावी’ लागते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. त्यावरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो. साधनाने लक्ष्य म्हणून दाखवलेले नाव दोनदा वाचावे, कारण बॅकअपची बाह्य डिस्क जोडलेली राहिली असेल तर तीही त्याच यादीत दिसते.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करण्यासाठी चालू करताक्षणी विशिष्ट कळ दाबत राहावे लागते. लेनोव्हो आणि डेलच्या बहुतेक लॅपटॉपांवर ती एफ १२, एचपीवर एस्केप किंवा एफ ९, एसूसवर एस्केप असते. एसरवर एफ १२ चालते, मात्र अनेक प्रतिरूपांत ती सोय आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. ‘सिक्युअर बूट’ बंद करण्याची गरज साधारणपणे नसते. मिंट आणि उबुंटू दोन्ही त्यासह चालतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्यतनाने मात्र काही ड्युअल बूट संगणकांवरील लिनक्सला अटकाव केला होता. पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश आल्यास पेन ड्राइव्हवरील आवृत्ती जुनी आहे असे समजून ताजी आवृत्ती उतरवावी.

आधी तालीम

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झाले की ते डिस्कला स्पर्श न करता थेट चालते. या अवस्थेला ‘लाइव्ह’ म्हणतात, आणि लिनक्सच्या जगातील ही सर्वांत उपयुक्त सोय आहे. पेन ड्राइव्हच्या गतीमुळे ते काहीसे संथ वाटेल. तो प्रणालीचा दोष नाही. इथे घाई न करता वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, पडद्याचा प्रकाश आणि छापयंत्र तपासून घ्यावे. वाय-फाय दिसले नाही तर बहुधा ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकच्या काही चिपा कारणीभूत असतात. मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरले की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ मधून आवश्यक ती जोडणी बसवता येते.

मांडणीला बसण्यापूर्वी लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. साध्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी यूपीएस नसेल तर पावसाळ्यातील वादळी दुपार टाळावी. विभागांची फेरमांडणी चालू असताना वीज गेली तर जे नुकसान होते, ते नंतर भरून काढणे कठीण.

प्रत्यक्ष मांडणी

पटलावरील ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा क्लिक केले की प्रश्नोत्तरे सुरू होतात. भाषांच्या यादीत मराठी आहे. तथापि मराठी भाषांतर सर्वत्र पूर्ण नाही आणि मदत शोधताना इंग्रजी नावेच उपयोगी पडतात. प्रणाली इंग्रजीत ठेवून लेखन मराठीत करणे सध्या तरी व्यवहार्य. कळफलकासाठी ‘इंग्लिश यूएस’ निवडावे. मराठीच्या उत्साहात इथेच देवनागरी आराखडा निवडला, तर सांकेतिक शब्द टाइप करताना अक्षरे भलतीच उमटतात आणि स्वतःच्याच संगणकाबाहेर उभे राहण्याची वेळ येते. त्यानंतर ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ बसवण्याची खूण करावी. सिक्युअर बूट चालू असल्यास या टप्प्यावर एक वेगळा सांकेतिक शब्द मागितला जाऊ शकतो. तो लिहून ठेवावा. पुढे पहिल्यांदा यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच भरायचा असतो.

मग येतो तो निर्णायक पडदा : ‘इन्स्टॉलेशन टाइप’. सर्व काही ठीक असेल तर ‘विंडोज बूट मॅनेजरशेजारी बसवा’ अशा अर्थाचा पर्याय दिसतो. तोच निवडावा. त्याच यादीत ‘इरेज डिस्क’ हाही पर्याय असतो. त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. तो केवळ विंडोज नव्हे, तर डिस्कवरील प्रत्येक विभाग पुसतो.

शेजारी बसवण्याचा पर्यायच दिसला नाही, तर? अनेकांचा घात इथे होतो. समोर दिसतो तोच एक मार्ग समजून ‘इरेज डिस्क’ दाबले जाते. पर्याय न दिसणे ही सूचना आहे. डिस्क अजून कुलूपबंद असेल, विंडोज अर्धवट झोपलेले असेल, पेन ड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू केला असेल आणि विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेले असेल, अथवा एमबीआरचे चार विभाग भरलेले असतील. डिस्कच मुळी दिसत नसेल तर बायोसमध्ये साठवणीची पद्धत इंटेलच्या ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ वर ठेवलेली असण्याचा संभव असतो. ती ‘एएचसीआय’ करावी लागते, पण विंडोजला आधी सेफ मोडमधून त्यासाठी तयार न करता हा बदल केला तर विंडोज सुरू होत नाही. यांपैकी काहीही असो, इथे ‘क्विट’ दाबून बाहेर पडता येते आणि तोवर डिस्कवर काहीही बदललेले नसते.

ज्यांना नियंत्रण आपल्या हाती हवे, त्यांनी ‘समथिंग एल्स’ निवडावे. विभागांच्या यादीत आधी कोरी ठेवलेली जागा ‘फ्री स्पेस’ म्हणून दिसते. तिच्यावर अधिक चिन्ह दाबून ‘ईएक्सटी ४’ प्रकारचा विभाग करावा आणि ‘माउंट पॉइंट’ म्हणून केवळ तिरकी रेघ निवडावी. स्वॅपसाठी वेगळा विभाग नको; मिंट त्यासाठी फाइल वापरते. यूईएफआय यंत्रावर लहानसा ‘ईएफआय’ विभाग आधीपासून असतो. दोन्ही प्रणालींची सुरुवात करणाऱ्या फायली त्यातच राहतात. तो वापरायचा, पण फॉरमॅट करायचा नाही.

पुढे गेल्यावर बदलांची यादी दाखवून संमती मागितली जाते. ही मागे फिरण्याची शेवटची जागा. यादीत ‘ईएक्सटी ४’ म्हणून फॉरमॅट होणारा विभाग एकच आणि आपणच सोडलेल्या जागेचा असायला हवा. ‘एनटीएफएस’ विभाग फॉरमॅट होणार असा उल्लेख दिसला तर थांबावे. उरलेले प्रश्न किरकोळ आहेत. कालविभाग कोलकाता, वापरकर्त्याचे नाव लहान रोमन अक्षरांत, आणि विसरला जाणार नाही असा सांकेतिक शब्द, कारण प्रत्येक नवे उपयोजन बसवताना तो द्यावा लागतो. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत काम संपते, जुन्या डिस्कवर अधिक वेळ जातो.

पहिला आठवडा

यंत्र पुन्हा सुरू झाले की ‘ग्रब’ नावाची सूची दिसते आणि तीत मिंट व विंडोज दोन्हींची नावे असतात. सूची न दिसता थेट विंडोजच उघडले तर काहीही बिघडलेले नाही. बायोसमधील बूट-क्रमात मिंटला, किंवा तिथे दिसणाऱ्या ‘उबुंटू’ या नावाला, वर आणावे. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अद्यतनानंतरही हा क्रम पुन्हा बदलू शकतो.

घड्याळाची तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. विंडोज संगणकातील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे एका प्रणालीतून दुसरीत गेल्यावर वेळ कधी कधी नेमकी साडेपाच तासांनी चुकते. बँकांची संकेतस्थळे चुकीच्या वेळेवर अडून बसतात, म्हणून हे दुर्लक्षू नये. लिनक्समध्ये ‘टाइमडेट-सीटीएल’ या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की प्रश्न मिटतो.

‘अपडेट मॅनेजर’ मधून सर्व अद्यतने घ्यावीत आणि ‘टाइमशिफ्ट’ चालू करावे. एखाद्या अद्यतनाने बिघाड केला तर ते प्रणालीला आदल्या दिवशीच्या स्थितीत नेते. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फायली जपते, घरच्या छायाचित्रांची जबाबदारी घेत नाही. त्यासाठी बाह्य डिस्क आहेच. विंडोजच्या विभागातील फायली लिनक्समधून उघडता येतात. उलट दिशेने मात्र विंडोजला लिनक्सचा विभाग वाचता येत नाही, म्हणून दोन्हीकडे लागणारी कागदपत्रे विंडोजच्या बाजूला किंवा स्वतंत्र एनटीएफएस विभागात ठेवावीत.

मराठी लेखनासाठी ‘कीबोर्ड’ सेटिंगमधील ‘लेआउट्स’ मध्ये भारतीय आराखड्यांतून मराठी जोडावी. इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांना इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी लिहिणाऱ्यांना ‘कागप’ हा आराखडा मिळतो. कळांच्या एका जोडीने इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. याच आराखड्यांत देवनागरी कोंकणीही लिहिता येते. युनिकोडचे नोटो आणि लोहित टंक विनामूल्य आहेत. लिबरऑफिस वर्डच्या फायली उघडते. जोडाक्षरे बिघडत नाहीत, पण पाने आणि तक्ते थोडे सरकतात. निवेदन किंवा अर्ज पाठवताना पीडीएफ करून पाठवणे चांगले.

काढून टाकायचे झाल्यास

लिनक्स नकोसे झाले तर क्रम महत्त्वाचा आहे. यूईएफआय यंत्रावर प्रथम बायोसमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या स्थानी आणावा आणि विंडोज थेट सुरू होते याची खात्री करावी. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा विभाग काढावा आणि ‘सी’ वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ देऊन जागा परत मिळवावी. ईएफआय विभागाला हात लावू नये. विंडोजची सुरुवातही तिथूनच होते. जुन्या लेगसी यंत्रावर लिनक्सचा विभाग आधी पुसला तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उरतात. तिथे विंडोजच्या मूळ पेन ड्राइव्हवरून बूट-नोंद दुरुस्त करावी लागते, म्हणून तो पेन ड्राइव्ह लिनक्स काढण्यापूर्वीच तयार करून ठेवावा.